जे ताटात, तेच रक्तात

दुर्गाबाईंनी चहाची कपबशी पुढे केली आणि साक्षीला त्यांच्या बोटावरचे ठिपके दिसले. डाव्या हाताच्या अनामिकेच्या कडेला, नखाच्या जरा खाली, मोहरीएवढेसुद्धा नव्हते. काही ताजे, लालसर, काही जुने होऊन कातडीत मुरलेले. मधल्या बोटावरही तसेच. कपबशी घेताना साक्षीचा हात हलला नाही, चहा सांडला नाही, बाहेरून काहीच झालं नाही. थेरगावातल्या त्या एका खोलीत कुकरची शिट्टी झाली, डांगे चौकाकडून बसचा हॉर्न आला, आणि तिने बिनसाखरेच्या चहाचा एक घोटही घेतला. फक्त जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली पायरीच नसावी, तसं तिला झालं. हे ठिपके ती चांगले ओळखत होती. गेले आठ महिने शुगर असलेल्या कामगारांच्या घरी जायचं, बोटं बघायची, वह्या बघायच्या, हेच तिचं काम होतं. पण हे ठिपके या बाईच्या बोटावर असायला नको होते. शुगर दुर्गाबाईंना नव्हती. शुगर होती त्यांच्या नवऱ्याला, अर्जुनरावांना, आणि अर्जुनराव या घडीला चाकणला कंपनीत प्रेस मशीनसमोर उभे होते.

तिचं काम सांगायला सोपं होतं, समजावून द्यायला अवघड. विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणाऱ्या साधना मॅडमचा तो अभ्यास होता: शुगर झालेली माणसं स्वतःची काळजी घेतात ती कशाच्या जोरावर, आणि टाळतात ती कशाच्या भीतीने. साक्षी त्यांची संशोधन सहायक. साठ घरं, प्रत्येक घरी एक रक्त तपासायचं छोटं मशीन, एक वही, आणि पंधरा दिवसांनी भरायचा एक फॉर्म. ‘गेल्या सात दिवसांत तुम्ही किती दिवस पायांची तपासणी केली?’ ‘शुगरचा विचार मनात आला की भीती वाटते: कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी.’ अर्जुनरावांनी प्रत्येक वेळी ‘कधीच नाही’वर बोट ठेवलं होतं आणि वर हसून म्हणाले होते, ताई, भ्यायला वेळ कुठाय, शिफ्ट कोण करणार. ती खूण करताना साक्षीला दर वेळी वाटायचं, हा फॉर्म कुणी आपल्यापुढे ठेवला तर? पण तिला कुणी विचारत नव्हतं. तिला शुगर नव्हती. मुलीच्या, मैत्रीच्या वेळी पोटुशी असताना सहा महिने तेवढी वाढली होती, नंतर सगळं नीट होईल असं डॉक्टर म्हणाले होते, बाळंतपणानंतर दीड महिन्याने एकदा तपासून घ्या म्हणाले होते. मैत्री आता अडीच वर्षांची होती.

“काकू, बोटाला काय झालं?” तिने विचारलं. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

दुर्गाबाईंनी हात पाठीमागे घेतला नाही. उलट जरा कौतुकाने पुढेच केला, बाळाने काढलेलं चित्र दाखवावं तसा. “त्येंच्या हाताला सारखं ऑइल असतंय बगा कंपनीत. टोचल्यालं झोंबतंय, मग चिघळतंय. तुमीच मनला होता की मीटिंगमदी, शुगरवाल्याला बारीक जखमबी होऊ द्यायची न्हाई. मग मी मनलं, माझं बोट हाय की.”

“पण रक्त त्यांचंच लागतं ना, काकू.”

“एका ताटात जेवतो आमी. सकाळचं पोळीचं कुटकं सुदिक अर्धं-अर्धं.” दुर्गाबाई समजूत घातल्यासारखं बोलल्या. “जे ताटात, तेच रक्तात. तुमचंच हाय ते.”

तिचंच होतं. थेरगावच्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या पंचवीस-तीस बायकापुरुषांसमोर तिने ते वाक्य म्हटलं होतं, दोनदा म्हटलं होतं, मग त्यांच्याकडून म्हणवून घेतलं होतं. तिनेच जुळवलं होतं ते. आदल्या रात्री मैत्रीला मांडीवर थोपटताना सुचलं होतं आणि इतकं आवडलं होतं की प्रितमला, तिच्या नवऱ्याला, हाक मारून ऐकवलं होतं. साधना मॅडमनी ते अहवालात घेतलं. लोकांच्या भाषेत शिकवायचं, मॅडम म्हणायच्या, चटकन तोंडात बसेल असं. बसलं होतं. लातूरकडून पंधरा वर्षांपूर्वी आलेल्या, शाळेची पाचवी बघितलेल्या या बाईच्या तोंडात ते बसलं होतं, आणि तिने ते नुसतं पाठ केलं नव्हतं, हिशोबाने वापरलं होतं. जखम वाईट. ताट एक. मग रक्तही एक. साक्षीच्या दोन शिकवण्या घेऊन तिने त्यांतून तिसरी काढली होती, आणि त्यात कुठे चूक आहे हे तिला कळायला काही वाटच नव्हती. वर्गातल्या सगळ्यात गुणी मुलीसारखी ती आता साक्षीकडे बघत होती.

मग साक्षीला वही आठवली. हिरव्या पुठ्ठ्याची वही, वर अर्जुनरावांचं नाव, आत सरळ ओळीत आकडे, एक दिवस खाडा नाही. दोनशे अठ्ठावीस, दोनशे एक्केचाळीस, दोनशे छत्तीस. आकडे जास्त होते, पण वही इतकी सुरेख होती की मागच्या मीटिंगला तिने ती हात उंच करून सगळ्यांना दाखवली होती. अर्जुनरावांना ओपीडीला जायला सुटी मिळत नव्हती, ठेकेदाराचे कामगार ते, खाडा झाला की दुसरा उभा. म्हणून सोमवारी साक्षीच ती वही डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. तिच्या कामात ते बसत नव्हतं. पण मैत्रीला पाळणाघरातून आणायला अजून तासभर होता, दवाखाना वाटेवरच होता, आणि कुणासाठी काही केलं की तिला बरं वाटायचं. बाहेर रांग जिन्यापर्यंत गेलेली. डॉक्टरांनी पानं उलटली, म्हणाले अशी वही मी वर्षात बघितली नाही, आणि सकाळचं इन्सुलिन अठरा युनिटचं सव्वीस केलं. ती चिठ्ठी काल संध्याकाळी तिनेच इथे, याच सतरंजीवर बसून अर्जुनरावांच्या हातात दिली होती. आज सव्वीसचा पहिला दिवस.

“काकांनी आज किती घेतलं? सुई किती भरली?”

“ते सोताच भरतेत की. मला कुठं दिसतंय ते बारीक.” दुर्गाबाईंनी ओढणीच्या टोकाने चष्मा पुसावा तसे डोळे पुसले. “सा वाजायच्या आदी गेले. येक पोळी खाऊन. का वो ताई?”

पावणेदहा झाले होते. साक्षीने मनाशी मांडलं: ज्या माणसाची खरी शुगर कदाचित बेताचीच असेल, जुन्या डोसवर नीट चाललेली असेल, त्याने सव्वीस घेतलं, एक पोळी खाल्ली, बसमध्ये तासभर झोपला आणि सात वाजता प्रेससमोर उभा राहिला. औषध आता अंगात सगळ्यात जोरात असणार, शुगर पार तळाला नेत. जेवणाची सुटी साडेअकराला. अर्जुनरावांनीच एकदा सांगितलं होतं, प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा डाय, पत्रा दाबणारा जड साचा, खाली येतो, म्हणजे हात आत राहू शकत नाही. आणि मग डोळे मिचकावून: पण त्याने माल निघत नाही ताई, मग एक बटण आम्ही चिंधी कोंबून दाबून ठेवतो, एक हात मोकळा. तेव्हा तिने ते फॉर्मवर ‘इतर निरीक्षणे’मध्ये लिहिलं होतं. आता तो मोकळा हात तिला दिसू लागला. घामाने निसरडा झालेला, जरासा कापणारा, कुठे ठेवायचा ते विसरलेला हात.

कंपनीत फोन गेटवर जमा करावे लागतात; अर्जुनरावांचा फोन वाजत राहिला, लोखंडी कपाटात, दुसऱ्या शंभर फोनांच्या शेजारी. साधना मॅडमचा फोन बंद होता, तास चालू असणार. तिने दुर्गाबाईंना सांगितलं की काकांना भेटायला हवं, आत्ता, औषधात गोंधळ झालाय. किती सांगायचं ते तिला ठरवता आलं नाही. दुर्गाबाईंनी गॅस बंद केला, चपला घातल्या, आणि कुलूप लावायचं मात्र त्या विसरल्या; ते साक्षीने लावलं.

चाकणपर्यंत यायला रिक्षावाला तयार होईपर्यंत दहा मिनिटं गेली. नाशिक फाटा सुटला, भोसरी सुटली, आणि मोशीच्या अलीकडे रिक्षा एका कंटेनरच्या मागे उभी राहिली ती राहिलीच. कंटेनरच्या मागच्या दाराला लोखंडी कडी होती आणि इंजिनाच्या धडधडीने ती हलत होती, टक, टक, टक. साक्षीने तो आवाज ऐकायचा नाही असं ठरवलं. डबा उघडण्याचा आवाज असाच यायचा, काळेवाडीच्या लहानपणच्या खोलीत, स्टीलच्या डब्यांची झाकणं एकामागून एक. ती नऊ वर्षांची होती. पप्पा, साहेबराव, पिंपरीच्या एका कारखान्यात भट्टीवर होते आणि त्यांना शुगर होती, ते सुई घ्यायचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बाहेर कुणालाच नाही. आईने, कस्तुराबाईंनी, तिला बजावून ठेवलं होतं: मी नसताना पप्पांना साखरेला हात लावू द्यायचा नाही, साखर त्यांना विष आहे, तू राखणीला बस. आणि ती राखणीला बसायची. तिला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं. त्या दुपारी पप्पा तिसऱ्या पाळीवरून उशिरा आले, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि थेट फळीवरचे डबे उघडायला लागले. डाळ. तांदूळ. रवा. झाकण उघडायचे, आत बघायचे, खाली ठेवायचे. ते काय शोधतायत हे तिला त्यांच्या आधी कळलं. ती खाटेवर चढली, कोपऱ्यातला साखरेचा डबा काढला आणि मोरीत जाऊन दार ओढून घेऊन बसली, डबा फ्रॉकखाली धरून. “साक्षे,” पप्पा बाहेरून म्हणाले, “दे ना गं.” आवाज वेगळा होता, लाडात आल्यासारखा, जड. ते नाटक करतायत असं तिला वाटलं. मोठी माणसं गोड खायला मिळावं म्हणून नाटक करतात, हे तिला माहीत होतं.

“ताई, लई लांब हाय का आजून?” दुर्गाबाई विचारत होत्या. कंटेनर दोन हात पुढे सरकला होता.

साक्षी म्हणाली, फोन करू या. गेटवर कुणी ओळखीचं आहे का? होतं. दौलतराव नावाचे वॉचमन, तिथल्याच कुरुळीचे, त्यांच्याच जमिनीच्या आसपास कुठेतरी ती कंपनी उभी राहिलेली. अर्जुनरावांनी त्यांचा नंबर बायकोच्या फोनात घालून ठेवला होता. साक्षीने दुर्गाबाईंना शिकवलं तसं त्या बोलल्या: घरी काम निघालंय, त्येंला जरा गेटवर बोलवा. स्पीकरवर दौलतरावांचा आवाज आला, निवांत, सुपारी चघळत बोलावं तसा. “वैनी, हितं सगळ्यांच्याच घरी काम निघतंया. काल एकाची आजी तिसऱ्यांदा वारली. सुपरवायझर म्हणतो, सुटीच्या आधी मशीन सोडायची न्हाई. साडेअकराला धाडतो, व्हय?” आणि फोन ठेवला.

दहा पंचेचाळीस. आता एकच वाक्य उरलं होतं, ते साक्षीला माहीत होतं, आणि ते म्हणता येत नव्हतं. कारण त्या वाक्याच्या उलटं वाक्य तिनेच लिहून दिलेलं होतं, सहीनिशी: तुमची माहिती तुमच्या कंपनीला कळणार नाही. त्या एका ओळीवर अर्जुनराव अभ्यासात आले होते. ओळ दोनदा वाचून घेतली होती त्यांनी. कंपनीत शुगर सांगितली असती तर हरकत नव्हती एक वेळ, गोळ्यांवरची माणसं असतात; पण सुई घेणारा माणूस प्रेसवर ठेवत नाहीत, आणि ठेकेदार दुसरीकडे तरी कशाला ठेवेल. पोरगी पॉलिटेक्निकला होती, राजगुरुनगरला मावशीकडे राहून शिकत होती. ते सगळं त्या ओळीवर उभं होतं. आणि कुणी सांगावं, त्यांनी सव्वीस घेतलंच नसेल. कँटीनचे पोहे दोन प्लेट खाल्ले असतील. इतक्या माणसांना इतक्या वेळा काही होत नाही. भीतीला नेहमी दोन तोंडं असतात, असं साधना मॅडमनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, एक म्हणतं पळ, एक म्हणतं हलू नकोस, आणि आपल्याला वाटतं दुसरं तोंड म्हणजे शहाणपण. तेव्हा साक्षीने ते वहीत उतरवून घेतलं होतं आणि खाली रेघ मारली होती. आता ती रिक्षात बसून होती, फोन मांडीवर उपडा, आणि शहाण्यासारखी एकेक शक्यता मोजत होती. मोरीतही ती अशीच बसली होती. थोडा वेळ थांबू, मग बघू. आई येईलच. बाहेर भांडी पडल्याचा मोठा आवाज झाला होता, मग लहान आवाज, मग एकही नाही. तरी ती बाहेर आली नाही. आवाज थांबला म्हणजे पप्पा झोपले, असं तिने ठरवलं. डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं आणि साखर तिच्या घामेजल्या मुठीला चिकटली होती, आणि तिने, हे तिने आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, आईला नाही, प्रितमला नाही, तिने मोरीत बसून ती मूठ चाटली होती.

पप्पा गेले नाहीत. शेजाऱ्यांनी दार उघडलं, कुणी म्हणालं पिऊन पडलाय, कुणी रिक्षा आणली. सहा वर्षं ते पुढे जगले, दारात खुर्ची टाकून, येणाऱ्याजाणाऱ्याकडे हसून बघत, आणि त्या सहा वर्षांत एकदाही त्यांनी तिला नावाने हाक मारली नाही. साखर फार वेळ तळाला राहिल्याने मेंदूला इजा झाली होती; ती कोण ते त्यांना आठवायचं नाही. त्या दिवशी संध्याकाळी गडबडीत आईला साखरेचा डबा मोरीत सापडला. तिने तो उचलून फळीवर ठेवला आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर? पण लोक मोठ्या प्रसंगात असले प्रश्न विचारत नाहीत.

“ताई,” दुर्गाबाई म्हणाल्या. रिक्षाची कांब त्यांनी ठिपक्यांच्या हाताने घट्ट धरली होती. “माज्यामुळं झालं का काही?”

“नाही,” साक्षी म्हणाली. “माझ्यामुळे.” आणि तिने फोन सरळ केला.

दौलतरावांनी तिसऱ्या रिंगला उचलला. तिने नाव सांगितलं नाही. तिला वाटलं होतं आवाज चिरकेल, पण तो सपाट निघाला, फॉर्म वाचून दाखवताना निघतो तसा. अर्जुनराव प्रेसवर आहेत. ते इन्सुलिनची सुई घेतात. आज डोस चुकून जास्त गेलाय. त्यांची शुगर खाली जात असेल आणि त्यांना स्वतःला ते कळणार नाही, ते नाहीच म्हणतील, चिडतील, दारू प्यायल्यासारखे बोलतील, तरी ऐकायचं नाही. मशीन बंद करायला लावा. “आणि त्यांना साखर द्या. आत्ता. मूठभर. चहाची वाट बघू नका, नुसती साखर तोंडात घाला.”

पलीकडे सुपारी थांबली. “सुई घेतो आर्जुन?” दौलतराव म्हणाले. मग म्हणाले, “बरं.” फोन चालूच राहिला, आणि पावलं पळत गेल्याचा आवाज आला, आणि मग नुसता प्रेसशॉपचा आवाज, लांबून, धप्प, धप्प, धप्प, एका लयीत. साक्षी तो ऐकत राहिली. त्यातला एक धप्प कधी थांबतो ते तिला ओळखता येणार नव्हतं. दुर्गाबाईंनी तिचा खांदा धरला होता. कंटेनर सुटला, इंद्रायणीचा पूल गेला, चिंबळी फाटा गेला, रिक्षावाला आरशातून बघत जोरात चालवू लागला, आणि त्या पंचवीस मिनिटांत ती इतकं घाबरली की नंतर तिला आठवताना त्या वेळेत काहीच सापडलं नाही, नुसतं ऊन आणि कंपन्यांच्या भिंती.

अर्जुनराव गेटच्या आत, वॉचमनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेले होते. दोन्ही हात जागेवर. ते हात तिने आधी बघितले. निळ्या युनिफॉर्मला पाठीवर घामाचा मोठा डाग होता, पण उन्हाळ्यात प्रेसशॉपमध्ये कुणाच्या पाठीला नसतो. मिशीत साखरेचे दाणे अडकले होते. दुर्गाबाई धावल्या आणि त्यांच्यासमोर जाऊन नुसत्याच उभ्या राहिल्या, हात लावायचा धीर झाला नाही. थोडं पलीकडे हेल्मेट घातलेला सुपरवायझर फोनवर कुणाला तरी सांगत होता, हो सर, इन्सुलिन, हो, मेडिकलला पाठवतो, नाही, दुसरा ऑपरेटर लावलाय.

साक्षीने पिशवीतून मशीन काढलं. अर्जुनरावांनी बोट पुढे केलं. त्यांच्या बोटावर एकही ठिपका नव्हता. तिने कापसाने ऑइल पुसलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला. मशीनवर एकशे चोवीस आलं. तिने आकड्याकडे बघितलं आणि तो आकडा काहीच सांगत नाही हे तिच्या लक्षात आलं. मूठभर साखर अर्ध्या तासापूर्वी पोटात गेली होती. त्याआधी ते चाळीसवर होते की शंभरावर, डोळ्यांपुढे अंधारी येत होती की मजेत माल काढत होते, हे आता कुठल्याच मशीनला कळणार नव्हतं.

“काका, तुम्हाला काही होत होतं का? चक्कर, कापरं?”

अर्जुनरावांनी मिशीवरून हात फिरवला, साखरेचे दाणे मांडीवर पडले. ते खरंच आठवतायत की काय सांगायचं ते ठरवतायत, तिला कळलं नाही. “ठाऊक न्हाई,” ते म्हणाले. मग तिच्याकडे बघून, अजिबात आवाज न चढवता म्हणाले, “कंपनीला कळणार न्हाई मनला होता ताई तुमी.”

तिने हो म्हणून मान हलवली. साधना मॅडम असत्या तर त्यांनी काहीतरी योग्य शब्द वापरला असता.

ती मशीन पिशवीत ठेवायला लागली तेव्हा दुर्गाबाई बाकाच्या कडेला टेकल्या होत्या आणि त्यांनी सवयीने आपलं बोट पुढे केलं. रोजच्यासारखं. साक्षी थांबली. दोनशे अठ्ठावीस, दोनशे एक्केचाळीस, दोनशे छत्तीस. सहा आठवडे ते आकडे तिने वाचले होते, डॉक्टरांनी वाचले होते, हॉलमधल्या तीस माणसांनी बघितले होते, आणि ते कुणाचे आहेत हे वर लिहिलेल्या नावामुळे कुणाला दिसलं नव्हतं. रिक्षातसुद्धा तिला दिसलं नव्हतं. तिने पिशवीतून एक कोरी वही काढली, पहिलं पान उघडलं.

“काकू, पूर्ण नाव सांगा.”

“त्येंचंच लिवा की.”

“नाही. तुमचं.”

दुर्गाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. अर्जुनराव जमिनीकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की साक्षीला वाटलं, त्या फॉर्मवर ‘नेहमी’ या चौकटीत खूण करायची तर ती आत्ता. तिने नवीन पट्टी मशीनमध्ये सरकवली. आज आपलंही एक बोट टोचून घ्यावं असं तिच्या मनात आलं, आणि पट्ट्यांची डबी तिने बंद केली. उद्या. मग पुन्हा उघडली, एक पट्टी काढली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात वेगळी ठेवली.

निघताना दौलतरावांनी तिला हाक मारली. कँटीनमधून आणलेली साखर होती, वर्तमानपत्राच्या कागदात, निम्म्याहून जास्त उरलेली. “घिऊन जा ही. हितं मुंग्या व्हतील,” ते म्हणाले, आणि मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता, “तुमी केलं ते बराबर केलं का न्हाई, मला न्हाई सांगता यायचं बाई. पण साखर पोचवली मी.” तिने पुडी घेतली. परत येताना बसमध्ये कागद कोपऱ्यात फाटला आणि साखर तिच्या तळव्यात उतरली. टाकावी कुठे ते कळेना, म्हणून तिने मूठ मिटून घेतली आणि पाळणाघराचा थांबा, पिंपळे गुरव येईपर्यंत ती मिटलेलीच राहिली. तिने ती तोंडाजवळ नेली नाही.

पाळणाघराच्या दारात मैत्री चपला उलट्या पायांत घालून उभी होती. साक्षी खाली बसली, तिला जवळ घेतलं. केसांना खोबरेल तेलाचा वास होता. मैत्रीने तिची मूठ पकडली. आत काय आहे म्हणून एकेक बोट उघडायला लागली, करंगळीपासून, सावकाश, सगळा जोर लावून. साखर केव्हाच विरघळून गेली होती, तळवा नुसता चिकट होता. मैत्रीने वाकून त्याला जीभ लावली.

“गोड,” ती म्हणाली, आणि अजून आहे का ते बघायला आईच्या तोंडाकडे बघत राहिली.